भुंगेऱ्याचं माहेर

एका तिळाएवढ्या भुंगेऱ्याबद्दल मी दोन शब्द बोलले आणि त्यापायी मुलुंडमधल्या एका माणसाची वखार आठ महिने बंद राहिली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो किडे हाताळले, शेकडो अहवाल टाइप केले. पण आता निवृत्तीनंतर कुणी म्हणालं, "मॅडम, तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा ना," की मला अहवाल आठवत नाहीत, ते दोन शब्द आठवतात. म्हणून तेच सांगते.

अंधेरीला एका संशोधन संस्थेच्या कीटक विभागात मी तांत्रिक सहायक होते. शास्त्रज्ञ नव्हे. शास्त्रज्ञ येत, जात, परदेशी जात. आम्ही सहायक मंडळी तिथेच असायचो, कपाटांसारखी. आमच्याकडे येणारी माणसं बहुधा हादरलेली असत. एक गृहस्थ पेढ्याच्या खोक्यात भुसा घेऊन आले होते आणि त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की हा भुसा त्यांच्या सोफ्यातला आहे की शेजाऱ्याच्या, ते आम्ही लिहून द्यावं. एका बाईंनी चिमट्यात धरून जिवंत झुरळ आणलं आणि विचारलं, "हे आपल्याकडचं आहे की बाहेरचं?" तेव्हा आम्ही हसलो होतो. पुढे आमच्या विभागाने हाच प्रश्न वर्षानुवर्षं विचारला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नव्हता.

नोकरीची पहिली पंधरा-सोळा वर्षं माझं काम म्हणजे भिंग आणि टाचण्या. किडा टाचायचा, पाय मोजायचे, पंखांवरचे ठिपके बघायचे, नाव शोधायचं. मग जनुकांचं काम आलं. माझी धाकटी जाऊ विचारायची, "वहिनी, किड्यांची कुंडली मांडता म्हणे तुम्ही?" मी म्हणायचे, "हो गं, आणि ती खरी निघते." किड्याचा एक पाय पुरतो. तो बारीक नळीत चुरडायचा, दोन-तीन द्रावणं घालायची, गरम पाण्यात ठेवायचा. मग एक यंत्र त्यातल्या हव्या त्या तुकड्याच्या लाखो प्रती काढतं, आपल्या नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्यासारख्या. शेवटी दुसरं यंत्र तो तुकडा अक्षर-अक्षर वाचतं. अक्षरं चारच. पण त्यांचा क्रम बघून हा किडा कुणाच्या नात्यातला, ते कळतं. आम्ही वाचायचो तो तुकडा फक्त आईकडून येतो. आईचा लेकीला, लेकीचा नातीला. त्यामुळे आम्ही आमच्या भाषेत म्हणायचो, "चला, हिचं माहेर शोधू या."

आता त्या भुंगेऱ्याबद्दल. तो झाडाची साल पोखरून आत जातो आणि बाहेर सुईने टोचल्यासारखं भोक ठेवतो. पण तो लाकूड खात नाही. लाकूड खातो असं मीही कितीतरी वर्षं समजत होते. मादीच्या तोंडाजवळ एक इवलीशी पिशवी असते, त्यात बुरशीचं बियाणं असतं. ती झाडात बोगदा खणते, भिंतींना बुरशी लावते, ती वाढवते आणि तीच खाते, पोरांना भरवते. शेतीच म्हणा ना. बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवत जाते आणि झाड उभ्या उभ्या तहानेने मरतं. मुलगे बिनपंखांचे, ते जन्मभर बोगद्यातच. मुली तिथेच त्यांच्याशी जोडा जमवून, गर्भार होऊनच बाहेर पडतात. म्हणजे एक मादी कुठल्यातरी लाकडातून परक्या गावात पोचली, की तिला कुणाचीही गरज नाही. बरोबर बियाणं आहे, पोटात वंश आहे. पहिल्यांदा हे भिंगाखाली बघितलं तेव्हा मला खरंच हात जोडावेसे वाटले होते.

मुलुंडला एक जुनी सोसायटी आहे, मोठ्या आवाराची. तिथे पाच प्रचंड पर्जन्यवृक्ष होते. आपण रेन ट्री म्हणतो ते, गुलाबी झुपक्यांच्या फुलांचे. एका उन्हाळ्यात त्यांची पानं अवेळी गळायला लागली आणि एके सकाळी, वारा नसताना, एक फांदी कोसळली. खाली बाकावर सोसायटीचे सेक्रेटरी जोगळेकर यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांचा खांदा मोडला. थोडक्यात जीव वाचला.

जोगळेकर बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, कडक गृहस्थ. बायकोला इस्पितळातून घरी आणल्यावर त्यांनी ती फांदी स्वतः तपासली. भोकंच भोकं. सोसायटीच्या भिंतीपलीकडे दत्ताराम परबांची वखार होती. जुन्या पेट्या आणि मालाखालच्या लाकडी फळ्या विकत घेऊन, खिळे काढून, त्याच्या खाटा आणि मांडण्या करण्याचं त्यांचं काम. मूळचे मालवणकडचे, तीस वर्षं मुलुंडात. अशा पेट्या परदेशांतूनही येतात आणि त्यांतून कीड येते, हे जोगळेकरांनी कुठेतरी वाचलं होतं. दोन आणि दोन चार झाले. तक्रार वॉर्ड ऑफिसकडे गेली, वॉर्ड ऑफिसचं पत्र आमच्याकडे आलं.

आमच्या विभागप्रमुख डॉ. अनघा. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण किड्यांच्या बाबतीत मी कुणाकडून शिकले असेन तर तिच्याकडून. मला नलूताई म्हणायची. तिने मला नमुने आणायला पाठवलं. मी पाचही झाडांच्या साली सोलल्या, भुंगेरे काढले. मग जोगळेकरांबरोबर वखारीत गेले. परब बनियनवर होते, हातात खिळे काढायची पकड. त्यांनी सगळी वखार उघडून दाखवली. जुन्या फळ्या कोरड्या ठणठणीत, त्यांत काही नव्हतं. पण कोपऱ्यात काही ओले ओंडके पडले होते आणि त्यांवर तीच सुईची भोकं होती.

"बघा," जोगळेकर म्हणाले, "मी काय म्हणत होतो!"

परब म्हणाले, "ते लाकूड माझ्या कामाचं नाही, साहेब. ते असंच आलंय."

"असंच म्हणजे?"

परबांनी उत्तर दिलं नाही. किंवा द्यायला सुरुवात केली आणि जोगळेकर मध्येच बोलले. आता नक्की आठवत नाही. मी विचारलं नाही, हे मात्र नक्की आठवतं.

आठवड्याभरात अक्षरं वाचून झाली. झाडातला भुंगेरा आणि ओंडक्यातला भुंगेरा, एकाही अक्षराचा फरक नाही. अनघा तेव्हा परगावी होती. जोगळेकरांचा फोन आला. "मॅडम, अहवाल येईल तेव्हा येईल. मला फक्त एवढं सांगा, वखारीतला किडा आणि आमच्या झाडांतला किडा एकच का?"

मी म्हटलं, "तोच आहे."

बस. बोलले ते खरंही होतं. त्यांनी त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसला लिहून दिलं, की प्रयोगशाळेने वखारीला दोषी ठरवलं आहे. वखारीला कुलूप लागलं. तिथे पाच कारागीर होते. दोघे गावी गेले, एकजण भांडुपला दुसऱ्याच्या कामाला लागला, बाकीच्यांचं काय झालं ते मला उशिरा कळलं.

दोन-तीन आठवड्यांनी परब आमच्या दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. मला वाटलं, हा माणूस आता भांडणार. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवायला लागले. ते खुर्चीत टेकले, टेबलावरच्या नळ्यांकडे बघत राहिले. तोवर त्यांच्या बोलण्यात मुंबईच होती. आता मालवण आलं.

"मॅडम, एक विचारू? तुमच्या मशीनीत माझ्या वखारीतलो किडो नि झाडातलो किडो सारखोच दिसलो. बरा. पण तो माझ्याकडसून झाडाक गेलो, की झाडाकडसून माझ्याकडे इलो, ता मशीन सांगता काय?"

मी निकालाचा कागद पुढे ओढला.

पलीकडच्या टेबलावरून अनघा उठून आली. तिने परबांसमोर खुर्ची ओढली. "नाही सांगत," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर विचारलंत. हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारायला हवा होता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नलूताई, आपल्याला पुन्हा सुरुवात करायला लागणार." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

परब उठायला लागले तेव्हा मीच म्हटलं, "किडा बघणार?" ज्या किड्याने वखार बंद केली तो त्यांनी कधी नीट पाहिलाच नव्हता. मी त्यांना भिंगावर बसवलं. उभा चिरलेला बोगदा, त्यात बुरशीचा पांढुरका थर, अळ्या आणि मधोमध ती काळी चकचकीत मादी. परब खूप वेळ डोळा लावून बसले. मी बुरशीचं समजावून सांगितलं.

"म्हणजे ह्यो शेती करता?"

"करते. बाई आहे ती."

"अरे देवा," ते म्हणाले. "रान तोडता, पेरता, पोरांक खावक घालता. माझी आवस असाच करी." आवस म्हणजे आई. आणि डोळा न काढता हळूच, "ही माझी वाट लावल्यान, पण काम झकास करता हां."

त्या दिवसापासून मला परब आवडायला लागले. त्यामुळे माझ्या मनातलं ओझं कमी झालं नाही, उलट वाढलं.

अनघाने जे करायचं ठरवलं ते साध्या शब्दांत असं. आपण भिजवायला मिश्र कडधान्यं घेतो. पोत्यात मूग, मटकी, चवळी, वाटाणा, मसूर सगळं असतं. पोत्यातून मूठ भरली, तर मुठीत तीन-चार प्रकार येतील. मुठीतून चिमूट घेतली, तर कदाचित नुसते मूग. चिमटीत मूग आणि मुठीत मूग, एवढं बघून कोण कुठून आलं ते कळत नाही. माझी चूक ती. पण पोतं, मूठ आणि चिमूट तिन्ही शेजारी ठेवली, की कळतं. कारण चिमटीतून पोतं भरत नाही. जिथे प्रकार जास्त, तिथून कीड निघाली. जिथे एकच, तिथे ती शेवटी पोचली. आता आईकडून येणारा तो तुकडा अगदी हळू बदलतो, जवळच्या नात्यांत फरक दाखवत नाही. म्हणून आम्हाला जनुकांतले असे तुकडे वाचायचे होते जिथे तीच दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. किती वेळा येतात, ते प्रत्येक कुटुंबात वेगळं. आणि त्यासाठी दोन-चार किडे नव्हे, ढीगभर हवे होते. एका बोगद्यातली सगळी भावंडं सारखीच, म्हणून दर बोगद्यातला एकच घ्यायचा. बोगदे मात्र शेकड्यांनी.

मग आम्ही हिंडलो. भांडुप, घाटकोपर, कुर्ला, बोरिवली. हातात पटाशी, कमरेला नळ्यांची पिशवी, डोक्यावर टोपी. माझं वय तेव्हा सत्तावन्न. वॉचमन आम्हाला झाडं चोरणाऱ्या बायका समजत. घाटकोपरच्या एका बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आजोबांनी आमच्यावर काठी उगारली होती. "झाडाला सुरी लावताय? लाज नाही वाटत?" अनघाने त्यांना बोगदा दाखवला. ते पुढे तीन झाडं आमच्याबरोबर फिरले आणि आम्हाला न दिसलेली दोन भोकं त्यांनी शोधून दिली.

गोराईला गेलो ते एका बाईंच्या निरोपामुळे. हिराबाई, कोळीवाड्यातल्या, मासळी विकणाऱ्या. बोरिवलीच्या बाजारात त्यांच्याकडून मासे घेणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याजवळ त्यांनी दारातल्या आंब्याचं रडगाणं गायलं होतं. खाडी ओलांडून आम्ही त्यांच्या अंगणात पोचलो तर त्या आमची वाटच बघत होत्या.

"बग गो बाय," त्यांनी खोडावर बोट ठेवलं, "झाराच्या अंगातून हे येतंय. अगरबत्तीची राख असते ना, तशी. सकाळी झारून टाकते, दुपारी परत."

सालीतून बारीक पांढऱ्या कांड्या उभ्या होत्या. बोगदा खणताना मादी भुसा बाहेर ढकलते, त्या ह्या कांड्या. आम्ही वर्षानुवर्षं पुस्तकातल्या चित्रांत बघत आलेली खूण त्यांनी रोज झाडू मारताना, कुणी न सांगता, ओळखली होती. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. भुसा पहिल्यांदा कुठे दिसला, मग कुठे, ते त्या क्रमाने सांगू शकत होत्या. पहिल्यांदा त्यांच्या आंब्यावर नव्हे. पहिल्यांदा वाटेवरच्या नव्या रिसॉर्टच्या कुंपणालगत, शेजारणीच्या शिरीषाच्या झाडावर.

"रिसॉर्टात काय नवीन लावलंय का?" अनघाने विचारलं.

"तिकरं मोठी मोठी झारं ट्रकातून आनली. उभीच्या उभी. लोकांना वाटलं, देवाची पालखी चाललीय."

परतीच्या वाटेवर होडीत अनघा नळ्यांवर नावं लिहीत होती. धक्का जवळ आल्यावर म्हणाली, "नलूताई, मुलुंडच्या सोसायटीत आपण फक्त आजारी झाडं तपासली ना?"

"हो."

"निरोगी?"

निरोगी झाडं कुणी कशाला तपासेल?

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलुंडला. सोसायटीच्या नव्या क्लबहाउससमोर शोभेची सहा झाडं होती. वाढलेलीच आणून लावलेली, गुळगुळीत खोडाची, तजेलदार, एक पान पिवळं नाही. जोगळेकर म्हणाले, "अहो, ही झाडं आमची शान आहेत. यांना काही झालेलं नाही." त्यांनी परवानगी दिली, पण कपाळाला आठ्या घालून. मी गुडघे टेकून बुंध्याशी बसले. मातीलगत, गवताच्या पात्यांआड, भोकं होती. झाड ताकदवान होतं, कीड सोसत होतं. आतमध्ये बोगद्यांमागून बोगदे, जुने, काळे पडलेले, त्यांच्यावर नवे.

यंत्राने अक्षरं वाचायला पुढे दोन महिने घेतले. निकाल आला त्या दुपारी अनघाने तक्ता छापून माझ्यापुढे ठेवला. मीच बोटाने वाचत गेले. शोभेच्या झाडांत पाच कुटुंबं. पर्जन्यवृक्षांत त्या पाचातलीच दोन. वखारीतल्या ओंडक्यांत त्या दोनातलं फक्त एक. गोराईच्या आंब्यात पाचातलं एक वेगळंच, जे वखारीत नव्हतंच. परबांनी गोराईला कधी काही पाठवलं नव्हतं आणि पाठवलं असतं तरी त्यांच्याकडे नसलेली कीड ते पाठवू शकले नसते. जगभरच्या अभ्यासकांनी वाचलेली अक्षरं एका खुल्या संग्रहात असतात, त्यात ताडून बघितलं. ती पाचही कुटुंबं पूर्वेकडच्या एका देशातली. सोसायटीची आणि रिसॉर्टची झाडं एकाच रोपवाटिकेतून आली होती आणि रोपवाटिकेने ती बाहेरून मागवली होती. भुंगेऱ्याचं माहेर सापडलं.

मग ओंडके वखारीत गेले कसे? ते मी ह्या वेळी विचारलं. परब म्हणाले, "आधीच्या वळवाच्या पावसात सोसायटीची एक फांदी पडली होती. त्यांचा माळीच म्हणाला, परबशेठ, एवढं उचलून न्या, रस्ता अडलाय. शेजारधर्म म्हणून नेली." सोसायटीच्या गेटवरच्या वहीत वॉचमनच्या अक्षरात नोंद होती: 'फांद्या बाहेर, परब वखार.' ती वही गेटवरच पडून होती. माझ्यासकट कुणालाही ती उघडावीशी वाटली नव्हती.

अहवाल वॉर्ड ऑफिसला पाठवला असता तरी काम झालं असतं. पण माझे ते दोन शब्द कागदावर नव्हते, ते तोंडून गेले होते. मी अनघाला म्हटलं, "मला सोसायटीच्या सभेत बोलायचंय." ती म्हणाली, "मी येते बरोबर." मी म्हटलं, "ये, पण बोलू नकोस."

क्लबहाउसमध्ये साठ-सत्तर माणसं होती. पहिल्या रांगेत जोगळेकरांच्या पत्नी, हात अजून अवघडून धरलेला. दाराशी परब उभे, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मी कडधान्यांचं सांगितलं. घरूनच डबे घेऊन गेले होते. टेबलावर रास, मूठ आणि चिमूट मांडली. बायकांना लगेच कळलं. पुरुषांना जरा वेळ लागला. मग म्हटलं, "जोगळेकर साहेबांनी मला फोनवर विचारलं, तेव्हा मी 'तोच आहे' म्हटलं. ते बोलणं अर्धवट होतं. दिशा मला माहीत नव्हती आणि माहीत नाही, असं मी म्हटलं नाही. त्या अर्धवट बोलण्याने परबांची वखार बंद झाली. चूक जोगळेकरांची नाही, माझी आहे. परबांची मी माफी मागते."

कुणीतरी मागून विचारलं, "म्हणजे कीड आपणच आणली? ह्या शोभेच्या झाडांतून?"

"हो. पण जाणूनबुजून नाही."

 मग जोगळेकर उठले. मला वाटलं, ते वाद घालतील, तसा त्यांचा स्वभाव. ते म्हणाले, "फोन मी केला होता. घाई मला होती." आणि खाली बसले. त्यांच्या पत्नी मागे वळल्या आणि दाराकडे बघत म्हणाल्या, "परब, इकडे येऊन बसा हो. इतके महिने उभेच आहात."

दुसऱ्या दिवशी जोगळेकर स्वतः वॉर्ड ऑफिसला गेले, तक्रार मागे घेतली आणि कुलूप निघेपर्यंत तिथून हलले नाहीत. कारागिरांपैकी तिघे परत आले. दोघे आले नाहीत. त्यांतल्या एकाने गावी टपरी टाकली होती, तो बरा होता. दुसऱ्याचा पत्ता परबांनाही लागला नाही. त्याचं नाव मी विचारून घेतलं आहे. इथे लिहीत नाही.

शोभेची सहा झाडं काढावी लागली, ती जागेवरच बारीक करून प्लास्टिकखाली उन्हात झाकून ठेवली, म्हणजे आतली कीड तापून मरते. गोराईला रिसॉर्टवाल्यांनीही तसंच केलं. हिराबाईंचा आंबा एका बाजूने वाळला, दुसऱ्या बाजूने धरला. त्यांनी आम्हाला आंबे पाठवले नाहीत, सुके बोंबील पाठवले. प्रयोगशाळेत आठवडाभर वास होता आणि अनघाने त्याला एकदाही नावं ठेवली नाहीत.

राहिले पाच पर्जन्यवृक्ष. तीन झाडांवर वॉर्डाने तोडायची लाल खूण केली. ते काम सोसायटीने परबांना दिलं. संसर्गाचं लाकूड कसं हाताळायचं हे त्या वस्तीत त्यांच्याएवढं आता कुणालाच कळत नव्हतं. मी तोवर निवृत्त झाले होते, पण त्या सकाळी गेले.

दोन झाडं उतरवली. आतून काळी पडलेली, दुपारपर्यंत काम झालं. तिसऱ्यापाशी परबांनी करवतवाल्याला थांबवलं. खोडाला हात लावला, मग कान लावला, मग पटाशीने साल जराशी उचलून आतली बाजू बघितली, वास घेतला. खालच्या भोकांमधून डिंक आला होता आणि वाळून बसला होता.

"ह्यां तोडूचा नाय," ते म्हणाले.

उद्यान अधिकारी वैतागले. "परब, यादीत आहे ते. उद्या पडलं कुणाच्या अंगावर तर?"

"नाय पडूचा. ह्या झाडान भोकां बुजवल्यान. आतून भांडता तां. ह्यां जगतला."

अधिकारी माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही सांगा. प्रयोगशाळेचं काय म्हणणं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जोगळेकर बायकोसह गॅलरीतून खाली आलेले. किड्याचं खापरपणजीपर्यंतचं नातं मी सांगू शकत होते. झाड जगेल की नाही, ते आमच्या कुठल्याच यंत्रात नव्हतं. आणि परब बरोबर असावेत असं मला मनापासून वाटत होतं, म्हणूनच मी दोनदा विचार केला.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "आमची यंत्रं किडा वाचतात, झाड नाही. झाड परबांना वाचता येतं."

परबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसले. त्यांना हसताना मी प्रथमच बघत होते.

अधिकाऱ्यांना कुणाची तरी सही हवी होती, जबाबदारी म्हणून. जोगळेकरांकडे सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी पाहिलं बायकोकडे. तिचा खांदा अजून पूर्ण वर जात नव्हता. ती त्या झाडाच्या सावलीत उभी होती. म्हणाली, "पेन आहे का तुमच्याकडे?"

जोगळेकरांनी खिशातून पेन काढलं, अधिकाऱ्यांनी पुढे केलेल्या अर्जावर सही केली आणि कागद परबांपुढे धरला. परबांनी हात पँटला पुसले आणि त्याखाली आपली सही केली. मग आम्ही सगळे बाजूला झालो आणि करवतवाल्याने आपलं यंत्र गाडीत ठेवलं.